कॉम्प्युटर दोन तासांनी हँग होतो? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

सुरू केल्यावर झकास चालतो आणि तास-दोन तासांनी अचानक थिजतो. माऊस जागचा हलत नाही, गाणं लागलं असेल तर एकच सूर घरघरत राहतो. ओळखीत कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारून टाक." पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच. बिघाड पंख्यात, रॅममध्ये किंवा हार्ड डिस्कमध्ये असेल तर नवं विंडोज टाकूनही पंधरवड्यात पुन्हा तेच होणार, आणि बॅकअप घेतला नसेल तर मधल्या मध्ये फोटो गेले ते गेलेच.

त्याआधी घड्याळ बघा. एकदा हँग झाला की बटण दाबून बंद करा आणि लगेच चालू करा. पुढच्या वेळी हँग झाला की तासभर बंद ठेवून मग चालू करा. लगेच चालू केल्यावर दहा मिनिटांतच थिजतो, पण विश्रांतीनंतर पुन्हा दोन तास धड चालतो, तर संशय उष्णतेवर. लगेच चालू करूनही पूर्ण दोन तास मिळतात, तर एखादा प्रोग्राम मेमरी खात बसला असण्याची शक्यता जास्त. कधी पाच मिनिटं, कधी पाच तास, कशाचा कशाला मेळ नाही, तर रॅम, हार्ड डिस्क किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा). हा काही अंतिम निवाडा नव्हे, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं आणि खर्च काहीच नाही.

उष्णतेच्या बाबतीत होणाऱ्या चुका

आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना सीपीयू ठेवायला खालच्या बाजूला बंद खण असतो. दिसायला टापटीप, पण मागे भिंत, पुढे दार आणि गरम हवा आतल्या आत. मे महिन्यात खोलीच ३८-४० अंशांवर असते, तेव्हा पंखा तीच तापलेली हवा फिरवत राहतो. कॅबिनेट खणातून बाहेर काढा, निम्मे रुग्ण इथेच सुधारतात असं माझं मत आहे.

मग बाजूचं झाकण उघडा. पंख्याची पाती पुसून "साफ केलं" म्हणणारे बरेच आहेत. खरी घाण पंख्याच्या खाली असते: पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या भागाच्या) धातूच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा करडा थर नमद्यासारखा बसलेला असतो आणि वरून तो दिसतही नाही. पंखा सोडवून तो थर मऊ ब्रशने काढा. ब्लोअर वापरत असाल तर पातं पेन्सिलीने अडवून धरा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होऊन बोर्डाला धक्का बसू शकतो. आणि हाताशी नवीन थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा उष्णतावाहक लेप) नसेल तर हीटसिंक उचलूच नका. जुनी पेस्ट एकदा फाटली की ती परत नीट बसत नाही.

दुसरी चूक म्हणजे रीस्टार्ट झाल्यावर तापमान बघणं. तोवर ते उतरलेलं असतं. एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम तापमानाची नोंद फाइलमध्ये करत राहतो. ती नोंद चालू ठेवा आणि हँग झाल्यानंतर फाइलची शेवटची ओळ वाचा. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन प्रोसेसरांच्या बऱ्याच मॉडेलांची ९० ते ९५. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन सरळ बंद पडतं. म्हणजे उष्णतेने होणारा त्रास सहसा पंख्याचा आवाज आणि संथपणा घेऊन येतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ६० अंशांच्या आत असताना हँग होत असेल, तर पेस्ट आणि पंख्यांवर पैसे घालवू नका.

झाकण उघडून समोर टेबल फॅन लावण्याची जुनी युक्ती चाचणी म्हणून उत्तम. कायमची तशीच ठेवायची नाही. आत धूळ तर जातेच, पालीही शिरतात.

"मी तर रोज शट डाऊन करतो"

करत असाल, पण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा आधीपासून चालू असते. शट डाऊन केल्यावर सिस्टीमचा गाभा पुसला जात नाही, डिस्कवर साठवून दुसऱ्या दिवशी तोच परत उघडला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि तिथे अप टाइम बघा. रोज बंद होणारा कॉम्प्युटर बारा दिवस सलग चालू असल्याचं दिसेल. खरी नवी सुरुवात रीस्टार्टने होते.

टास्क मॅनेजरमधलाच मेमरीचा आकडा सुरुवातीला आणि मग दर अर्ध्या तासाने लिहून ठेवा. काम तेच असून आकडा चढतच राहिला तर चोर सापडला. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कुठला टॅब किती खातोय ते कळतं. रॅम साफ करून देणारे बूस्टर टाकू नका, ते मेमरीतला उपयोगी मजकूर बाहेर हाकलतात आणि तो परत आणताना मशीन आणखी रखडतं. दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत. पेज फाइलही (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती) बंद करू नका.

माऊस फिरतो, पण काहीच उघडत नाही

डिस्कचा दिवा सतत पेटलेला, मिनिटभराने सगळं एकदम सुटतं, आणि पुन्हा तेच. इथे संशय डिस्कवर घ्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये पिवळा किंवा लाल इशारा दिसला तर त्याच क्षणी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा. इथे लोक उत्साहाने चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) चालवतात. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती तपासणी म्हणजे तासन्‌तास घासाघीस, आणि त्यातच ती दम तोडू शकते. बॅकअप आधी.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" दिसतं आणि अर्धं इंटरनेट त्याच्या मागे धावतं. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद झालं नव्हतं. बटण तुम्हीच दाबलं होतंत! त्याच्या आधीच्या नोंदी वाचा: डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ क्रमांक असतील तर डिस्क किंवा तिची केबल, २००४ असेल तर मेमरी संपत आली होती.

रॅमसाठी मुख्य वायर काढून, पट्ट्या सोडवून, सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसण्याचा दुकानदारांचा उपाय अजूनही चालतो. भुगा मात्र स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. नंतर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तरी एकेक पट्टी वेगळी तपासा.

हे सगळं करूनही हँग होत असेल तर एसएमपीएस उरतो, आणि तो घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार टिकून राहतो. दुकानात दुसरा एसएमपीएस लावून दोन-तीन तास चालवून बघायला सांगा, आणि हँग झाल्याच्या वेळा लिहिलेला कागद सोबत न्या.