सँटोरिनीहून अथेन्सला बोटीने जाताना

ग्रुपने जाणार असाल तर परतीचं विमान शक्यतो त्याच दिवशीचं घेऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो फारच जोरात असला की बोटी बंदरातच रोखतात, आणि वेगवान छोट्या बोटींना फटका आधी बसतो. मोठी बोट अथेन्सच्या पिरेअस बंदराला पोचायला साधारण ८ तास घेते, पण हलते कमी. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मी डोळे झाकून तीच घेईन.

सँटोरिनीच्या अथिनिओस बंदराचा रस्ता कड्यावरून नागमोडी उतरतो, तिथे बस-गाड्यांची कोंडी ठरलेली. तासभर आधी पोचा. बोटीचा मागचा दरवाजा उघडला की एकच झुंबड उडते. बॅगा खाली, गाड्यांच्या मजल्यावरच्या रॅकवर ठेवायच्या. रॅकवर बंदराचं नाव असतं, पिरेअस बघूनच ठेवा. पासपोर्ट, औषधं, स्वेटर आणि चिवड्याची पिशवी मात्र वर न्या. मधेच खाली जाऊ देत नाहीत.

पिरेअसचं बंदर अवाढव्य आहे, डोकी मोजूनच बाहेर पडा. मेट्रोची निळी लाइन सिंटाग्मा या अथेन्सच्या मध्यवर्ती चौकावरून थेट विमानतळावर जाते. हिरव्या लाइनला खिसेकापूंचा सुळसुळाट, पाकीट सांभाळा.