कंपायलर समोर, तरी 'चालत नाही'

मुलुंडला घरी, उबंटू लिनक्सवर एक ओपन सोर्स टूल सोर्स कोडपासून बिल्ड करत होतो. बिल्डआधी सगळं जागेवर आहे का ते तपासणाऱ्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टची एकच रड: 'सी कंपायलर कॅननॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स', म्हणजे कंपायलरला चालणारा प्रोग्रॅम बनवता येत नाही. जीसीसी, म्हणजे तोच सी कंपायलर, तर व्हर्जनसुद्धा सांगत होता! दोनदा काढून टाकला, दोनदा परत घातला. उगाच घाम.

शेवटी कॉन्फिगरच्या नोंदींची फाइल, 'कॉन्फिग डॉट लॉग', उघडली. 'मायनस कॅपिटल व्ही' हा पर्याय जीसीसी ओळखत नाही, अशी एरर आधी दिसते. ती सोडून द्या, कॉन्फिगर नुसतं चाचपून बघतं. खरी ओळ त्याखाली: तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या लिंकरला 'सीआरटी१ डॉट ओ' ही प्रोग्रॅम सुरू करणारी फाइल मिळत नव्हती. म्हणजे ती ज्यात येते ते 'लिबसी६-डेव्ह' पॅकेजच नाही. जागा वाचवायला 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' (शिफारस केलेली जोड-पॅकेजेस नकोत) लावून जीसीसी टाकला होता, तोही दोन्ही वेळा. चूक माझीच.

बिल्डला लागणाऱ्या पॅकेजेसचा संच 'बिल्ड-इसेन्शियल' टाकलं, त्यासोबत 'लिबसी६-डेव्ह' येतंच. चहा निवायच्या आत 'मेक', म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड, सुरू.