गोठा, गोदाम, वर्कशॉप: छतासाठी उजेडाचा पत्रा कसा निवडावा

सांगली-साताऱ्याकडे शेड बांधताना उजेडाचा विचार अगदी शेवटी होतो. पत्रे चढवायला माणसं आली की मालक सांगतो, "मधेमधे चार-दोन फायबर टाका." फायबर म्हणजे लोखंडी पत्र्यांमध्ये उजेडासाठी घालतात तो प्लॅस्टिकचा पत्रा. ते कुठे, किती आणि कसले टाकायचे हे मग मिस्त्रीच ठरवतो. पहिल्या उन्हाळ्यात शेड तापते आणि पहिल्या पावसात गळते, त्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

थंड देशांतल्या मार्गदर्शिका छताचा १० ते २० टक्के भाग पारदर्शक ठेवा म्हणतात. आपण तसं करू नये. आपल्याकडे उजेडाला तोटा नाही. त्याच्यासोबत आत येणारी उष्णता ही खरी अडचण आहे. मे महिन्याच्या दुपारी छताच्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. दुधी (आरपार न दिसणाऱ्या, पांढुरक्या) पत्र्याने त्यातलं निम्मं आत सोडलं, तरी ३० चौरस मीटर पारदर्शक छत म्हणजे आत १५ किलोवॉटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखं आहे.

आत काय होणार, ते आधी ठरवा

गोठ्याच्या बाजू उघड्या असतील आणि रुंदी २५-३० फुटांच्या आत असेल, तर छतात उजेडाचा पत्रा बहुतेक लागतच नाही. बाजूंनी येतो तेवढा उजेड पुरतो. जत-आटपाडीच्या उन्हात एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन या परदेशी जातीच्या) गाईंना सावली जास्त मोलाची. गोठा रुंद असेल आणि मधली दावण अंधारी राहत असेल, तर गव्हाणीच्या रेषेवर थोडे पत्रे टाका. जनावरं जिथे बसून रवंथ करतात, ती जागा सोडा.

हळदीच्या गोदामात वेगळी काळजी. हळदीचा पिवळेपणा ज्या कुरकुमिनमुळे असतो, ते प्रकाशाने हळूहळू कमी होतं. त्यामुळे पत्रा पोत्यांच्या थप्पीवर न घेता येण्या-जाण्याच्या वाटेवर घ्या. बेदाण्याचंही तसंच. तासगाव-कवठेमहांकाळकडे तो मुद्दाम सावलीत वाळवतात, कारण थेट उन्हात रंग काळपट होतो. मग प्रतवारीच्या शेडमध्ये त्यावर उन्हाचा झोत कशाला पाडायचा? बटाटा साठवत असाल तर पारदर्शक पत्रा नकोच, उजेडात तो हिरवा पडतो.

लेथ, वेल्डिंग, यंत्रमाग अशा कामाला मात्र उजेड भरपूर आणि सगळीकडे सारखा हवा. विट्याच्या माग शेडमध्ये एका मागावर ऊन आणि शेजारच्यावर अंधार असेल, तर तुटलेला धागा दिसत नाही.

किती पत्रे लागतील

आपल्या भागात साधारण शेडला छताच्या ३ ते ५ टक्के पुरे. ४० बाय ८० फुटांची शेड धरा. क्षेत्र ३२०० चौरस फूट, त्याचे ४ टक्के म्हणजे १२८. दहा फूट लांबीचा पत्रा बाजूचा जोड सोडून सुमारे ३३ चौरस फूट झाकतो. म्हणजे चार पत्रे झाले. चारच! जुलैत आभाळ गच्च भरलेलं असतं तेव्हा बाहेर १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो. अशा वेळीही या चार पत्र्यांतून आत शंभर-सव्वाशे लक्स मिळतो. पोती मोजायला, मालाची ने-आण करायला तेवढा चालतो. लख्ख उन्हात तोच हजाराच्या घरात जातो. बारीक कामासाठी पत्रे दुप्पट करण्यापेक्षा त्या मशीनवर एक एलईडी लावा.

कुठे घालायचे

दोन पत्र्यांतलं अंतर शेडच्या उंचीच्या दीडपटीहून जास्त नको, नाहीतर मधे अंधाराचे पट्टे राहतात. सगळे एका ओळीत न घालता दोन्ही पाख्यांवर तिरके वाटून द्या. वळचण आणि टोकाच्या भिंतीजवळचा निदान एकेक पत्रा सोडा. वळवाच्या वाऱ्याचा उचल मारणारा जोर कडेला आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त असतो.

उत्तरेकडचं पाखं घ्यावं की दक्षिणेकडचं? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उत्तर पाख्यातून ऊन कमी येतं. पण सांगली जवळजवळ १७ अक्षांशावर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि कमी उताराच्या छतावर तेव्हा पाख्याने फारसा फरक पडत नाही. उन्हाळ्यातला ताप दिशा बदलून टळत नाही, पत्रे कमी आणि दुधी ठेवूनच टळतो. पुढे सोलर पॅनल बसवायचे असतील, तर मात्र दक्षिण पाखं त्यांच्यासाठी राखून सगळे पत्रे उत्तरेला घ्या.

फायबर की पॉलिकार्बोनेट

फायबर, म्हणजे एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लॅस्टिक), स्वस्त आहे. तो मुळातच उजेड पसरवतो आणि उन्हात लोखंडी पत्र्याहून जास्त, पण तरी बेताचाच प्रसरण पावतो. पण वरचा संरक्षक थर झिजला की काचतंतू उघडे पडतात, त्यात धूळ बसते आणि पत्रा पिवळा पडून ठिसूळ होतो. घेताना वरच्या बाजूला अतिनील किरण रोखणारा थर आहे का, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

पॉलिकार्बोनेट हा दुसऱ्या प्रकारच्या प्लॅस्टिकचा पत्रा, धक्क्याला फार चिवट. त्याचा एकदम पारदर्शक प्रकार ८५ टक्क्यांहून जास्त उजेड सोडतो, पण त्यातून जमिनीवर उन्हाचा चटका देणारा चौकोन पडतो. दुधीच घ्या. दुसरं म्हणजे, शेण-मूत्रातून सुटणारा अमोनिया वायू त्याला मानवत नाही. शेण-मूत्राचा वास कोंडणारा बंद गोठा किंवा पोल्ट्री असेल तर फायबर बरा.

गुऱ्हाळात चुलवाण आणि धुराड्याच्या आसपास दोन्ही नकोत. ठिणगी उडते, प्लॅस्टिक पेटतं. तिथे उजेड बाजूच्या खिडकीतून घ्या.

कोणताही घ्या, पण छताच्या पत्र्याचा तुकडा दुकानात घेऊन जा आणि नागमोड जुळवून बघा. "जवळजवळ बसतो" असा पत्रा पावसाळ्यात हमखास गळतो.

बसवताना

पॉलिकार्बोनेट उन्हात लोखंडाच्या पाचपट वाढतो. तीन मीटरचा पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंश तापला, तर सुमारे ८ मिलिमीटर लांबतो. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं, वर ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणाऱ्या) रबराचा रुंद वायसर द्यायचा आणि तो दबेल इतकाच स्क्रू कसायचा. पीव्हीसीचा वायसर वापरू नका, त्यातल्या रसायनाने पत्र्याला तडे जातात. संरक्षक थराची बाजू पत्र्यावर चिकटवून येणाऱ्या पातळ फिल्मवर छापलेली असते, ती वरच हवी. उलटा बसवलेला पत्रा काही वर्षांत पिवळा पडतो. खालच्या-वरच्या पत्र्यांचा जोड निदान सहा इंच ठेवा आणि त्यात सीलंट पट्टी घाला. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसात जोड याहून मोठा लागतो.

जुन्या सिमेंट पत्र्याच्या जागी बसवत असाल तर तो कटरने कापू नका. त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते. ओला करून अख्खाच उतरवा.

खाली जाळी लावा

यात काटकसर करू नका. जुना, धूळ बसलेला फायबर वरून साध्या पत्र्यासारखाच दिसतो. गळती काढायला चढलेला माणूस त्यावर पाय देतो आणि सरळ खाली पडतो. अशा पडण्यात माणसं दगावतात. प्रत्येक उजेडाच्या पत्र्याखाली पर्लिनला (पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांना) घट्ट बांधलेली वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेल्या तारांची, जाळी घ्या. कडेच्या स्क्रूंच्या टोप्या लाल रंगवा, म्हणजे वर गेलेल्याला जागा ओळखू येईल. दुरुस्तीला चढताना पर्लिनवर फळ्या टाकून त्यांवरूनच चाला. जाळीचा खर्च पत्र्याच्या खर्चातच धरा.

पुसायचं कधी

साखर कारखान्यांचा हंगाम संपला की छतावर काजळीचा थर असतो. पावसाळ्यात उजेड सगळ्यात कमी, म्हणून मे अखेरीस साध्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने पत्रे धुवा. तारेचा ब्रश, थिनर किंवा कॉस्टिक वापरू नका. धुतानाच जोडातली सीलंट पट्टी आणि वायसरही बघून घ्या, सुकलेले तेव्हाच बदलता येतात.