एक्सएमएलमधील निषिद्ध वर्ण: फाइल लिहिण्यापूर्वीची तपासणी

सांगलीतील हळदीच्या अडत दुकानाची बिले एक्सएमएलमध्ये (खुणांमध्ये माहिती लिहिण्याच्या मजकूर-स्वरूपात) बाहेर काढणारा प्रोग्राम एखाद्याच बिलावर अडतो, तेव्हा मालाच्या वर्णनात वर्डमधून चिकटवलेला, डोळ्यांना न दिसणारा, युनिकोड या वर्णसूचीतील ११ क्रमांकाचा वर्ण आहे का, हे आधी पाहावे.

एक्सएमएल १.० मध्ये ० ते ३१ या नियंत्रण वर्णांपैकी केवळ ९, १० आणि १३ चालतात. ५५२९६ ते ५७३४३ हे सरोगेट (मोठ्या क्रमांकाचा वर्ण दोन भागांत साठवण्यासाठी राखलेले क्रमांक), तसेच ६५५३४ व ६५५३५ हेही निषिद्ध आहेत. & आणि < ही चिन्हे & आणि < अशी एस्केप करून, म्हणजे पर्यायी रूपात, लिहिता येतात, परंतु निषिद्ध वर्ण अंकी संदर्भाच्या रूपात (उदा. ) लिहिला किंवा सीडाटा विभागात (जिथे मजकूर एस्केप न करता जसाच्या तसा ठेवता येतो) ठेवला, तरी पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम, तो नाकारतोच.

म्हणून प्रत्येक मजकूर एक्सएमएल लिहिणाऱ्या कोडकडे सोपवण्यापूर्वी एकाच ठिकाणी तपासावा, निषिद्ध वर्णाच्या जागी रिकामी जागा किंवा ६५५३३ हा ‘येथे वर्ण बदलला’ असे दाखवणारा वर्ण ठेवावा आणि बिलाचा क्रमांक नोंदवहीत लिहावा. गुपचूप वगळणे मला धोक्याचे वाटते, कारण मूळ नोंद चुकीचीच राहते. जावा आणि सी-शार्पमध्ये सरोगेटची योग्य जोडी हा एक वैध वर्ण असल्याने तपासणी कोडपॉइंटनुसार, म्हणजे वर्णाच्या पूर्ण क्रमांकानुसार, करावी.

मराठीसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: सर्व अदृश्य वर्ण सरसकट काढू नयेत. ‘शेतकर्‍याचे’ या शब्दातील अर्धा र पुष्कळदा ८२०५ क्रमांकाच्या वैध जोडवर्णाने घडवलेला असतो. तो काढला, की बिलावर ‘शेतकर्याचे’ उमटते.