पीसीआरसाठी कोंबड्यांचे स्वॅब घेताना

राणीखेत, बर्ड फ्लू, आयबी (इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस, कोंबड्यांचा श्वसनरोग) हे तिन्ही आरएनए विषाणूंचे आजार, म्हणजे या विषाणूंचं जनुकीय द्रव्य आरएनए असतं. आरएनए फार लवकर तुटतो, म्हणून आरटी-पीसीआरचा (स्वॅबवरच्या नमुन्यातला विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या चाचणीचा) निकाल बराचसा शेडवरच ठरतो. लक्षणं नुकतीच दिसू लागलेले पक्षी निवडा; आठवडाभर आजारी असलेल्यांत विषाणू कमी झालेला असतो.

स्वॅब पॉलिएस्टरचा आणि प्लास्टिकच्या काडीचा हवा. लाकडी काडी किंवा कॅल्शियम अल्जिनेटचा बोळा नको, त्यांतले घटक पीसीआरची अभिक्रियाच रोखतात. एक स्वॅब घशातून, दुसरा गुदद्वारातून. दोन्ही कधीही एका नळीत टाकू नका: विष्ठेतही अभिक्रिया रोखणारे पदार्थ असतात आणि घशाचा चांगला नमुना त्यापायी वाया जातो. स्वॅबवर विष्ठेचा पुसट थर पुरे, गोळा आला तर झटकून टाका. एका नळीत जास्तीत जास्त पाच पक्ष्यांचे, एकाच जागेचे स्वॅब चालतात. नळीत व्हीटीएम (विषाणू टिकवून ठेवणारं वाहतुकीचं द्रव) हवंच, कोरडा स्वॅब शक्यतो नको.

नमुने ४ अंशांवर, बर्फाच्या पिशव्यांत, ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. उशीर होणार असेल तर उणे ७० अंश. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून पुन्हा वितळवणं सर्वांत वाईट.

सोबतच्या कागदावर लसीचं नाव आणि तारीख हमखास लिहा. लासोटासारखी राणीखेतची जिवंत लस नुकतीच दिली असेल तर राणीखेतची साधी चाचणी लसीच्या विषाणूमुळेही पॉझिटिव्ह येते. तेव्हा विषाणूच्या एफ जनुकाचं सिक्वेन्सिंग (जनुकाचा क्रम वाचणं) मागा, त्यावरून विषाणू लसीचा की रोगाचा ते कळतं.

मर अचानक वाढली असेल तर मेलेला पक्षी शेडवर फाडू नका, आधी पशुवैद्यकांना कळवा.