स्पीच थेरपीत नवीन आलेल्यांनो, आधी पेशंटचं मन बघा

मी सांगली-मिरज भागात न्यूरोच्या (मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांच्या) पेशंटना स्पीच थेरपी देते. बीएएसएलपी (स्पीच आणि ऑडिओलॉजीची पदवी) करून नुकतेच कामाला लागलेले ज्युनिअर विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून लिहितेय.

अफेझिया आणि डिसार्थ्रिया यातला फरक तर कॉलेजात शिकलाच असाल, एकात शब्दच सापडत नाही आणि दुसऱ्यात शब्द तयार असतो पण जीभ, ओठ, श्वास साथ देत नाहीत. पण घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, ते पेशंटसमोरच "यांच्या डोक्यावर परिणाम झालाय" म्हणतात आणि तो माणूस सगळं ऐकत बसलेला असतो.

माझ्याकडे एक काका होते, मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात आयुष्य गेलेलं, स्ट्रोकनंतर स्वतःचं नावसुद्धा निघेना. पण गणपतीची आरती सुरू केली की अख्खं कडवं म्हणायचे. मुलगा चिडायचा, आरती येते मग बोलायला काय होतंय, नाटक करताय. त्याला काकांच्या समोरच समजावलं की आरती, आकडे, शिव्या असलं तोंडपाठ बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, मनातलं वाक्य जुळवणं वेगळं, 1861 मध्ये ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी तपासलेला पेशंटसुद्धा "टॅन" एवढंच म्हणायचा पण राग आला की शिवी बाहेर पडायची. काकांनी माझा हात घट्ट धरला, आणि पुढच्या सेशनपासून स्वतःहून प्रयत्न करायला लागले.

स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं, आणि ज्याला बोलताच येत नाही त्याचं डिप्रेशन लक्षातच येत नाही कारण प्रश्नावली तोंडी असते. म्हणून घरच्यांना विचारा, जेवण कमी झालंय का, झोप लागते का, पाहुणे आले की आत जाऊन झोपतात का. अफेझियाच्या पेशंटचं डिप्रेशन ओळखायला घरच्यांनी भरायचा एसएडीक्यू फॉर्म आहे तो वापरा आणि शंका आली की डॉक्टरांना लगेच सांगा. मात्र काहीजण उगाचच रडतात किंवा हसतात, मनात तसं काही नसताना, ते स्यूडोबल्बार अफेक्ट असू शकतं, त्यालाही औषध आहे.

सेशनमध्ये प्रश्न विचारला की गप्प बसा, भरपूर वेळ द्या, बायकोला उत्तर देऊ देऊ नका (सगळ्यात अवघड हेच आहे). पाटी, घरातले फोटो, हो-नाहीची खूण, काहीही चालतं.

आणि अफेझिया कायमचा राहिला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो बसतो, सर्टिफिकेटचं घरच्यांना तुम्हीच सांगा, बाकी कुणी सांगत नाही.