मैदा काढल्यावर पावात काय उरतं: ग्लूटेनमुक्त पावाचं पोषण मोजण्याची आणि वाढवण्याची रीत

पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिलेलं असलं की पाव पौष्टिक असणारच, असं बरेच जण धरून चालतात. त्या शब्दाचा अर्थ मात्र एवढाच, की त्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं चिकट प्रथिन, नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही हीच मर्यादा आहे. पावात प्रथिनं किती, चोथा (फायबर) किती, लोह किती, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. ते सगळं मैद्याच्या जागी काय घातलंय यावर ठरतं, आणि बाजारात ती जागा बहुधा तांदळाचं पीठ आणि स्टार्च यांनी भरलेली असते.

एक गोष्ट आधीच. सीलिअॅकची, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर रक्तातली टीटीजी-आयजीए चाचणी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्ही खोटा दिलासा देऊ शकतात. आधी डॉक्टर, मग पाव.

पाकीट हातात घेतल्यावर

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी पुष्कळ कळतं. टॅपिओका स्टार्च, तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च असा क्रम असेल तर तो पाव म्हणजे मऊ केलेली निव्वळ कर्बोदकं. पहिल्या तिनात ज्वारी, राजगिरा, कुट्टू (बकव्हीट) किंवा एखाद्या डाळीचं पीठ दिसलं तर पुढचे आकडे बघण्यात अर्थ आहे.

आकडे नेहमी 100 ग्रॅमचे बघा, ‘एका सर्व्हिंगचे’ नाहीत, कारण सर्व्हिंग किती मोठं हे कंपनीच ठरवते. प्रथिनं 4 ग्रॅमच्या वर असावीत. चोथा निदान 3 ग्रॅम असावा. ‘चोथ्याचा स्रोत’ असा दावा करायलाही तेवढा लागतोच. सोडियमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणून हजाराने भागलं की मीठ ग्रॅममध्ये मिळतं. 480 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1.2 ग्रॅम मीठ. दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात पोह्यांवरची शेव आणि जेवणातलं लोणचंही बसवायचं आहे, हे इंदूरकरांनी विसरू नये.

पिठांचं बळ

कच्च्या पिठाच्या 100 ग्रॅममधले ठोकळ आकडे असे. मैद्यात प्रथिनं 10 ग्रॅम, चोथा पावणेतीन ग्रॅम, लोह 1.8 मिलिग्रॅम. तांदळात प्रथिनं 8, चोथा साधारण तेवढाच, लोह जेमतेम 0.7. ज्वारीत प्रथिनं 10, चोथाही 10 आणि लोह 4. राजगिऱ्यात प्रथिनं 13, चोथा साडेसात, लोह 8, कॅल्शियम 160 मिलिग्रॅम. नाचणीत प्रथिनं 7 पण कॅल्शियम 360. हरभऱ्याच्या डाळीत प्रथिनं साडेएकवीस आणि चोथा 15. साबुदाण्याच्या स्टार्चमध्ये प्रथिनं जवळपास शून्य.

यावरून दोन गोष्टी निघतात. पाव मऊ व्हायला थोडा स्टार्च लागतोच, पण तो एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शापुढे गेला की पोषण घसरतं. दुसरं, ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी असतं. राजगिरा आणि डाळी ती उणीव भरून काढतात. म्हणून एकच पीठ धरून बसू नये.

घरच्या आठ पावांचं प्रमाण

ज्वारीचं पीठ 120 ग्रॅम, तांदळाचं बारीक पीठ 80, साबुदाण्याचं पीठ 80, राजगिऱ्याचं पीठ 50. इसबगोलची भुसी 18 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 6, साखर 12, मीठ 6. घट्ट नसलेलं दही 60 ग्रॅम, तेल 25 ग्रॅम, लिंबाचा रस एक चमचा, पाणी 330 मिलिलिटर. सगळं वजनकाट्यावर मोजा, पाणीसुद्धा. वाटीने मोजलेलं ज्वारीचं पीठ दाबून भरलं की सैल भरलं यावर बरंच कमीजास्त होतं, आणि या पावात 30 ग्रॅम पिठाचा फरकही लगेच जाणवतो.

राजगिरा, शिंगाडा, मोरधन (वरई), साबुदाणा ही उपवासाची सामग्री इंदूरच्या सियागंज बाजारात वर्षभर मिळते. पीठ घेण्यापेक्षा अख्खं धान्य घ्या. गल्लीतल्या चक्कीवर आधी गहू दळला जातो, आणि मग राजगिऱ्यातही गव्हाचं पीठ उतरतं. धान्य निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून घरघंटीवर दळा. ती घरघंटी गव्हाला कधीच वापरायची नाही. चाळणी, लाटणं, कणकेची परात हे सगळं वेगळं ठेवा. मैदा चाळलेल्या चाळणीच्या जाळीत राहिलेलं पीठ धुऊनही पूर्ण जात नाही.

साबुदाणा मिक्सरवर दळला असेल तर पाणी 20-30 मिलिलिटर जास्त लागेल, कारण साबुदाणा तयार होतानाच थोडा शिजलेला असतो. त्याऐवजी मक्याचा स्टार्चही चालतो.

इसबगोलवर थोडं थांबू. नीमच-मंदसौरकडे पिकणारी ही भुसी इथे ग्लूटेनचं काम करते. पाणी शोषून ती चिकट जाळं तयार करते आणि यीस्टचा वायू त्यात अडकतो. शिवाय ती जवळपास सगळी चोथाच आहे, त्यामुळे चोथ्याचा आकडा एकदम वर जातो. 12 ग्रॅमपेक्षा कमी घातली तर पाव भुसभुशीत होऊन तुटतो, 25 च्या पुढे गेली तर रबरासारखा ओढला जातो. काही भुशींमुळे पावाला आतून जांभळट छटा येते. ती निरुपद्रवी आहे. हा पाव खाणाऱ्याने दिवसभर पाणी नीट प्यावं, नाहीतर एवढा चोथा पोटात जड होतो.

करण्याची रीत

60 मिलिलिटर पाणी बोटाला कोमट लागेल इतकं तापवा, त्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. उरलेल्या 270 मिलिलिटर पाण्यात इसबगोल एका हाताने भुरभुरवत, दुसऱ्या हाताने फेटत मिसळा. एकदम ओतला तर गोळे होतात आणि ते पुढे कशानेही फुटत नाहीत. पाच मिनिटांत त्याची जेली होईल. सुकी पिठं आणि मीठ एकत्र करून त्यात जेली, यीस्ट, दही, तेल, लिंबू घाला आणि लाकडी डावाने पाच मिनिटं फेटा.

हे पीठ कणकेसारखं मळून होत नाही आणि मळायची गरजही नाही; ग्लूटेनच नाही, तर मळून काय घडणार? मेदूवड्याच्या पिठाइतकं घट्ट हवं. घट्ट कणीक होईल इतकं पाणी कमी केलं तर पाव दगडासारखा होतो. या चुकीमुळेच बहुतेक पाव बिघडतात, कारण हात चपातीच्या कणकेला सरावलेला असतो.

तेलाचा हात लावून सुमारे 95 ग्रॅमचे आठ गोळे करा आणि आठ इंची चौकोनी डब्यात एकमेकांना टेकतील असे लावा. लादी पावासारखे शेजार मिळाले की ते बाजूला न पसरता वर चढतात. झाकून उबेला ठेवा. उन्हाळ्यात इंदूरच्या स्वयंपाकघरात अर्धा-पाऊण तास पुरतो, डिसेंबर-जानेवारीत सव्वा तासही लागेल. पीठ दीडपट झालं की लगेच भाजायला घ्या. दुप्पट होईपर्यंत थांबण्याची सवय मैद्याच्या पावाची. इथलं जाळं तेवढा वायू धरू शकत नाही, आणि जास्त फुगलेला पाव ओव्हनमध्ये मधोमध खचतो. फुगवणं एकदाच, दुसऱ्यांदा नाही.

200 अंशांवर आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये अर्धा तास भाजा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधल्या पावाच्या पोटात 96 ते 98 अंश दिसायला हवेत. वरून रंग आला म्हणून बाहेर काढू नका. या पिठात पाणी जास्त असल्याने साल तयार झाल्यावरही आत ओल राहते. दहा मिनिटांनी डब्यातून काढून जाळीवर किमान दीड तास ठेवा. गरम असताना कापला तर चाकूला लगदा लागतो आणि पाव कच्चा राहिला असं वाटतं. स्टार्च थंड होतानाच बसतो.

हिशेब

कुठल्याही घरगुती पावाचं पोषण काढायची पद्धत एकच: प्रत्येक घटकाचं वजन गुणिले त्याचा 100 ग्रॅमचा आकडा, भागिले 100, सगळ्यांची बेरीज, मग पावांच्या संख्येने भाग. पाणी बेरजेत काहीच घालत नाही, फक्त वजन वाढवतं. म्हणून पिठाच्या मानाने पावाचे 100 ग्रॅमचे आकडे नेहमीच लहान दिसतात.

वरच्या प्रमाणातून एक पाव भाजून साधारण 85 ग्रॅमचा होतो. त्यात सुमारे 185 कॅलरी, प्रथिनं 3.7 ग्रॅम, चोथा 4 ग्रॅमच्या थोडा वर, चरबी 4 ग्रॅम, लोह 1.2 मिलिग्रॅम, मीठ पाऊण ग्रॅम. तेवढ्याच वजनाचं पीठ फक्त मैद्याचं घेतलं (इसबगोल न घालता) तर पावामागे प्रथिनं 4.8 पण चोथा एक ग्रॅमच्या आसपास येतो. 200 ग्रॅम तांदूळ आणि 130 ग्रॅम स्टार्च घेतला तर प्रथिनं 2.6 वर येतात, लोह तर नावापुरतंच. ग्लूटेनमुक्त तिन्हींतले दोनच, आणि त्या दोघांत एवढा फरक!

मैद्याच्या प्रथिनांची बरोबरी करायची असेल तर साबुदाण्याचं निम्मं पीठ, म्हणजे 40 ग्रॅम, काढून तेवढंच हरभऱ्याच्या डाळीचं पीठ घाला. पावामागे एक ग्रॅम वाढतो. पाव थोडा घट्ट होतो आणि बेसनाचा वास येतो; डाळ दळण्याआधी हलकी भाजली तर तो वास बराच कमी होतो. बाजारचं बेसन घेऊ नका, तेही बहुधा गव्हाच्याच चक्कीवर दळलेलं असतं.

इंदूर ही सोयाबीनची नगरी, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थाही इथेच आहे. तेव्हा सोयाचा विचार व्हायलाच हवा. तेल काढलेल्या सोयापिठात निम्मी प्रथिनं असतात. 30 ग्रॅम सोयापीठ जास्तीचं घालून पाणी 30 मिलिलिटर वाढवलं की पावामागे जवळजवळ दोन ग्रॅम वाढ मिळते. पण कच्चं सोयाबीन घरी दळून घालू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारं ट्रिप्सिन-रोधक द्रव्य असतं, ते उष्णतेने निकामी करावं लागतं. खाण्यासाठी म्हणून विकलं जाणारं, उष्णता दिलेलं पीठच घ्या. अंडं चालत असेल तर दोन अंडी घालून तितकं पाणी कमी करा. प्रथिनांबरोबर पाव उंचही येतो.

कॅल्शियमसाठी 40 ग्रॅम ज्वारीच्या जागी नाचणी घातली तर पावामागे 17 मिलिग्रॅम वाढतं. खरं सांगायचं तर ही वाढ किरकोळ आहे. वाटीभर दही त्यापेक्षा कितीतरी जास्त देतं, आणि नव्याने निदान झालेल्यांना दूध पचत नसलं तरी दही अनेकदा चालतं. लोहाचंही तसंच: ज्वारी-राजगिऱ्यातल्या फायटेटमुळे सगळं लोह शरीराला मिळत नाही, म्हणून सोबत लिंबू, पेरू किंवा कोशिंबीर हवी आणि चहा तासभर लांब. ब-12, फोलेट, ड जीवनसत्त्व यांची पातळी डॉक्टरांकडून तपासून घ्या, पावाच्या भरवशावर सोडू नका.

पावाबरोबर काय

30 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे एक पाव आणि उसळ मिळून दहाच्या आसपास. मात्र उसळीत हिंग कुठला पडतो ते बघा. बाजारातला बांधणीचा हिंग बहुधा मैद्यात किंवा कणकेत मिसळलेला असतो. तोच हिंग शेवेत असतो, तोच पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावनमध्येही. पोहे तांदळाचे, शेव बेसनाची, म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो घ्या. मसाला घरी कुटा. आणि बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) खपली किंवा मालवी कठिया गव्हाचे असले म्हणून चालतील असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तो गहूच आहे, ग्लूटेनसकट.

हा पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, आणि फ्रिजमध्ये तर आणखी लवकर. त्या दिवशी लागतील तेवढे बाहेर ठेवून बाकीचे पूर्ण थंड झाल्यावर मधून कापा, एकेक वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर टिकतात. खाताना पाण्याचा हलका हात लावून झाकण ठेवलेल्या तव्यावर मंद आचेवर पाच-सहा मिनिटं गरम करा. तवाही पोळीचा नको, वेगळा.